आईशप्पथ, खरंच झालंय

नाशिकमध्ये घडलेल्या पहिल्या विनोदाचा शेवट प्रेक्षकाचं नाक कापण्यात झाला. यात माझ्या पदरचं काही नाही, वाल्मीकी रामायणाचं अरण्यकांड काढून बघा. शूर्पणखा पंचवटीत आली आणि तिने रामाला सरळ लग्नाचं विचारलं. रामानेही सरळ ‘नाही’ म्हणून विषय संपवला असता, तर पुढचं बरंचसं रामायण टळलं असतं. पण त्याला थट्टा सुचली. तो म्हणाला, माझं लग्न झालंय, ही माझी बायको, आणि तुझ्यासारखीला सवत काही सोसायची नाही. हा माझा धाकटा भाऊ मात्र देखणा आहे, शूर आहे आणि बिनलग्नाचा आहे. तिकडे अयोध्येत ऊर्मिला दिवस मोजत बसलेली! लक्ष्मणानेही दादाचा सूर बरोबर पकडला. मी पडलो नोकर, नोकराची बायको होऊन तुला काय मिळणार, त्यापेक्षा दादाचीच धाकटी हो, असं म्हणून त्याने तिला परत धाडलं. दोघा भावांनी तालीम करून बसवलेला प्रवेश असावा इतकं ते सफाईदार आहे.

वाल्मीकी पुढे स्वच्छ सांगतात की शूर्पणखेला थट्टा कळत नव्हती, तिला ते सगळं खरंच वाटलं. मग ती सीतेवर धावली, आणि पुढे जे झालं त्याची जागा आजही तपोवनात दाखवतात. नाक कापायला सांगण्याआधी राम लक्ष्मणाला म्हणतो की असल्यांशी थट्टा करूच नये. कार्यक्रम पडला की प्रेक्षकांना नावं ठेवण्याची प्रथा ही अशी थेट त्रेतायुगातून आलेली आहे.

टीकाकारांची मात्र झोप उडाली. एकवचनी राम खोटं बोलला कसा? काहींनी तोड काढली की बिनलग्नाचा म्हणजे ज्याची बायको सध्या सोबत नाही असा. (मुंबईत नोकरीला असलेले पुष्कळ नाशिककर सोमवार ते शुक्रवार याच अर्थाने बिनलग्नाचे असतात.) दुसऱ्या काहींनी सांगितलं की थट्टेतलं खोटं हे खोटंच नव्हे. त्याला आधार महाभारताचा. तिथे शर्मिष्ठा ययातीला पाच जागा सांगते, जिथे खोटं बोललं तरी पाप लागत नाही : थट्टेत, बायकांशी बोलताना, लग्न जुळवताना, जिवावर बेतलं असताना आणि सर्वस्व लुटलं जात असताना. यातली तिसरी सवलत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पुरेपूर वापरली आहे. पहिली वापरण्याचं काम सध्या आमचा भाचा करतो.

भाचा इंजिनीअर झाला, पुण्यात आयटीत लागला, आणि मग एक दिवस ‘मला माझा आवाज सापडलाय’ असं सांगून घरी परत आला. ताईला आधी वाटलं, घसा बसला होता. आता तो स्टँडअप करतो. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर ‘ओपन माइक’ असतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे विटांची भिंत (विटांचा वॉलपेपर आहे, पण ते सोडून द्या), एक माइक, आणि नेमका पंच आला की खाली घुर्र करणारं कॉफीचं यंत्र. वेळ संपत आली की मागून कोणीतरी मोबाइलची बॅटरी दाखवतं. कीर्तनकाराला अशी बॅटरी दाखवायची सोय असती तर काय बहार आली असती.

भाच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं : “हे आईशप्पथ, खरंच झालंय.” त्यानंतरच्या पाच मिनिटांत मला त्याच्याबद्दल खूपच नवी माहिती मिळाली. त्याचे वडील निफाडकडचे द्राक्ष बागायतदार आहेत. त्याचं बालपण गळक्या वाड्यात गेलं. आई लाटण्याने मारायची. गावात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सरपंचाने त्याला हार घातला होता. मी खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होतो, आणि ज्या भावजींनी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त होईपर्यंत तुळशीपलीकडे काही लावलं नाही (तिलाही पाणी कामाच्या मावशी घालतात) त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. गळका वाडा म्हणजे इंदिरानगरमधला तिसऱ्या मजल्यावरचा लिफ्टवाला फ्लॅट. आणि ताईने आयुष्यात लाटणं पोळीखेरीज कशावर चालवलेलं नाही. ती गणिताची शिक्षिका होती. तिला लाटण्याची गरजच पडायची नाही, भुवई उचलली की पुरे व्हायचं.

कार्यक्रमानंतर मी विचारलं, “अरे, निफाडला आपलं कोण आहे?”

“मामा, ते स्टेजवरचं आहे.”

“पण तू तर आईची शपथ घेतलीस.”

“ती शपथ पण स्टेजवरची आहे.”

त्याच्या पाठोपाठ एकदोन ठिकाणी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याचा जन्म, बालपण आणि गरिबी हे सगळं हायवेच्या हिशोबाने बदलतं. मुंबईत तो गावाकडचा असतो, कारण मुंबईकराच्या मते कल्याणनंतर शेती सुरू होते आणि ती थेट दिल्लीपर्यंत जाते. पुण्यात गावाकडचा असून भागत नाही, कारण तिथल्या निम्म्या प्रेक्षकांचं गाव त्याच्याहून खरं असतं. पुणेकराच्या डोक्यात नाशिक म्हणजे वाइन. म्हणून कात्रज ते हिंजवडीच्या पट्ट्यात आमचा भाचा द्राक्षमळ्यांत वाढलेला, ग्लासाचा देठ कसा धरायचा हे लहानपणीच शिकलेला, असा शौकीन होतो. प्रत्यक्षात त्याला उसाच्या रसानेही ढेकर येतात. नाशिकमध्ये मात्र तो सुरुवातीलाच सांगतो की ‘आत्ताच मुंबईहून येतोय’. ते अगदीच खोटं म्हणता येणार नाही. इंदिरानगरहून कॉलेज रोडला येताना मुंबई नाका लागतो.

भाषेचंही तसंच. घरी ताईसमोर ‘मला भूक लागली आहे’ असं क्रमिक पुस्तकातलं बोलणारा हा मुलगा मुंबईच्या माइकसमोर ‘काय करू राहिला भो’ सुरू करतो. हे त्याने सिडकोत राहणाऱ्या एका मित्राकडून उचललंय. त्या मित्राचं घराणं जळगावकडचं. मुंबईकराला जळगाव काय, नाशिक काय, दोन्ही एकाच गाडीची स्टेशनं. गंमत म्हणजे तो मित्र स्वतः आता अंबडच्या एका कंपनीत एचआरला आहे आणि दिवसभर इंग्रजीत माफी मागत असतो. त्याची बोली आमच्या भाच्याकडे भाड्याने आहे.

मुंबईत हे सगळं खपतं, कारण तिथे अंधारात बसलेले लोक अनोळखी असतात. नाशिकमध्ये अंधार कितीही केला तरी तिसऱ्या रांगेत भावजींच्या शाखेतले जुने कॅशियर बसलेले असतात. आमचं शहर आता मोठं झालंय असं आम्ही सगळ्यांना सांगतो, पण कोणी गरिबीवर दोन वाक्यं बोलला की चौथ्या वाक्याला कुजबुज सुरू होते : “हा अमक्यांचा ना? त्यांची गंगापूर रोडला जागा आहे की.” इथे कलावंताचं चारित्र्य तपासायला वर्तमानपत्र लागत नाही, सोसायटीचा सेक्रेटरी पुरतो. एकदा एक बिचारा बाहेरगावचा विनोदवीर सहज बोलून गेला की ‘मी स्टेशनवरून रिक्षाने आलो, मीटरने साठ रुपये झाले’. पुढची दहा मिनिटं त्याच्या कुठल्याच शब्दावर कोणाचा विश्वास बसला नाही. नाशिकमध्ये रिक्षा मीटरने आली हे एवढं मोठं खोटं थट्टेतसुद्धा चालत नाही, महाभारत काही म्हणो.

आणि मग ते आजोबा. नाशिकच्या प्रत्येक कार्यक्रमाला असे एक आजोबा असतात. १८४० पासून चालू असलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात वाढलेले, गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेत वक्त्याला चिठ्ठी पाठवून सन दुरुस्त करायला लावणारे. नातवाने आणलं म्हणून ते ओपन माइकला आले होते. भाच्याचा एक हुकमी विनोद होता : मार्चमध्ये दहावीचा पेपर, आणि बाबा म्हणतात आधी बागेतली छाटणी कर, मग परीक्षा. निकाल लागला तेव्हा मार्कांचीही छाटणी झालेली. विनोद काही फार थोर नाही, पण मुंबईत टाळ्या घ्यायचा. कार्यक्रम संपल्यावर आजोबा काठी टेकत पुढे आले आणि अतिशय प्रेमाने म्हणाले, “बाळ, छान बोललास. फक्त मार्चमध्ये द्राक्षाची काढणी चालू असते. खरड छाटणी एप्रिलमध्ये, आणि फळछाटणी ऑक्टोबरमध्ये. तेवढं दुरुस्त कर.” भाच्याने प्रामाणिकपणे दुरुस्त केलं. छाटणीच्या जागी काढणी घातली. मार्कांची काढणी होत नाही. तेव्हापासून शेती बरोबर झाली आणि हशा बंद झाला.

आता कोणी म्हणेल की आपल्याकडे विनोदात खरेपणाची अपेक्षा कधी होती? मुळीच नव्हती. आचार्य अत्रे उठता बसता ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ असं म्हणायचे. त्यांना कोणी आधीच्या नऊ हजार नऊशे वर्षांचं दप्तर मागितलं नाही. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे उभे राहून बावन्न माणसं व्हायचे. त्यांतल्या एकाचाही पासपोर्ट कोणाला बघावासा वाटला नाही. दादा कोंडके वाढले मुंबईत, नायगावच्या गिरणगावी वस्तीत. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून लोंबत्या नाडीचा गावंढळ गडी होऊन त्यांनी अख्खा महाराष्ट्र लोळवला, आणि गावातल्या माणसाने त्यांना आपलाच मानलं. ‘तुम्ही तर मुंबईचे’ असा आक्षेप कोणी घेतल्याचं माझ्या कानावर नाही.

पण यांतल्या प्रत्येकाने एक सभ्यता पाळली होती. ‘असा मी असामी’ प्रथमपुरुषी आहे, सगळं ‘मी’ ‘मी’ आहे, तरी तो मी पु. ल. देशपांडे नाही. तो धोंडो भिकाजी जोशी. दारावरची पाटी वेगळी, आत राहणारा वेगळा, आणि ते दोघांनाही ठाऊक, वाचणाऱ्यालाही ठाऊक. तमाशातल्या सोंगाड्याचं नावच सोंगाड्या. बहुरूपी तर त्याहून सच्चा. लहानपणी आमच्या भागात फौजदाराच्या वेशात एक जण यायचा, दुकानदारांना शिट्टी मारून दम द्यायचा, ‘वजनं दाखवा, परवाना दाखवा’. दुकानदारही घाबरल्याचं उत्तम नाटक करायचे. मग तो टोपी काढून बिदागी मागायचा. सोंग उतरवल्याशिवाय पैसे मागायचे नाहीत हा त्याचा धर्म होता. भाच्याच्या धंद्यात तिकिटाचे पैसे आधी ऑनलाइन घेतात आणि सोंग शेवटपर्यंत उतरवत नाहीत.

या बाबतीत आमच्या जिल्ह्याची परंपरा तर फारच उज्ज्वल आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला सिनेमा काढला तो कोणावर? सत्यासाठी राज्य, बायको, पोर सगळं सोडणाऱ्या हरिश्चंद्रावर. आणि त्यातली तारामती कोण? अण्णा साळुंके. एका हॉटेलात स्वयंपाकाला असलेले गृहस्थ. बायका कामाला मिळेनात, म्हणून सत्यवादी राजाची राणी पुरुष झाली. पुढे ‘लंका दहन’मध्ये तर साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले, म्हणजे एकमेकांचा विरहसुद्धा त्यांनी स्वतःच केला. प्रेक्षकांनी हात जोडले. सत्याची महती ऐकताना समोरच्याच्या मिशा कुठे गेल्या असं कोणी विचारलं नाही, कारण कोणी त्यांना ‘आईशप्पथ, ही खरंच बाई आहे’ असं सांगितलंच नव्हतं.

भाच्याच्या पिढीने नेमकं हेच मोडीत काढलं. स्टँडअपवाला स्वतःच्या नावाने उभा राहतो. आधार कार्डावर जे नाव तेच पोस्टरवर. तो पात्र नाही, वेश नाही, पडदा नाही. जीन्स आणि टी-शर्ट, तीही कालचीच. आणि पहिल्या वाक्यात तो सांगतो की हे माझंच आयुष्य आहे. प्रेक्षकाने यासाठीच तर पैसे मोजलेले असतात. ‘भाडिपा’ या मराठी यूट्यूब चॅनलवाल्यांनी २०१६ नंतर हा प्रकार शहरी मराठी पोरांच्या हाताशी आणून ठेवला तेव्हा त्यांना आवडलं ते हेच की कोणीतरी आपल्यासारखा दिसणारा आपल्यासारखं बोलतोय. मग त्या ‘आपल्यासारखा’त किती पाणी घातलंय हा प्रश्न येणारच.

तो प्रश्न अमेरिकेत आला. हसन मिनहाज हा भारतीय मुसलमान कुटुंबातला, कॅलिफोर्नियात वाढलेला विनोदवीर. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याचा ‘द किंग्ज जेस्टर’ आला. त्यात तो सांगतो की लहानपणी त्याच्या मशिदीत एफबीआयचा खबऱ्या घुसला होता, तो याने ओळखला, आणि मग पोलिसांनी याला गाडीवर आपटलं. आणखी सांगतो की घरी पांढऱ्या पावडरचं पाकीट आलं, ती पावडर लहानग्या मुलीच्या अंगावर सांडली आणि तिला घेऊन हॉस्पिटलात धावावं लागलं. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ने चौकशी केली तेव्हा निघालं की तो खबऱ्या याच्या आयुष्यात आलाच नव्हता आणि मुलीला हॉस्पिटलात न्यावंच लागलं नव्हतं. मिनहाजचं म्हणणं असं की हे ‘भावनिक सत्य’ आहे. त्याने हिशोबही दिला : सत्तर टक्के भावनिक सत्य, तीस टक्के अतिशयोक्ती.

नाशिकमध्ये सत्तर-तीस ऐकलं की आम्हाला आधी फ्लॅटचा व्यवहार आठवतो. सत्तर चेकने, तीस रोख. तिथेही त्या तिसाबद्दल कागदावर कोणी काही लिहीत नाही, आणि भांडण होईपर्यंत कोणी विचारतही नाही.

मी भाच्याला म्हटलं, तुझे तीस टक्के मला मान्य आहेत. सरपंचाचा हार, गळका वाडा, लाटणं, घे लिहून. हशा मागणारा कितीही खोटं बोलू दे, हशावर जीएसटी लागत नाही. पण तू माझ्याकडून हळहळ मागितलीस, राग मागितलास, माझे डोळे पुसायला लावलेस, की मी पावती मागणार. स्टीव्ह रॅनाझिसी नावाचा एक अमेरिकन विनोदवीर कित्येक वर्षं सांगत होता की अकरा सप्टेंबरला तो जुळ्या मनोऱ्यांत चोपन्नाव्या मजल्यावर कामाला होता आणि कसाबसा वाचला. २०१५ मध्ये त्याने कबूल केलं की तो तिथे नव्हताच. यात विनोद कुठे होता? ती जखम दुसऱ्यांची होती, त्याने नुसती पट्टी बांधून घेतली. मिनहाजचंही मला तेच खटकतं. ज्यांच्या मशिदीत खरोखर खबरे पेरले गेले, त्यांनी उद्या तोंड उघडलं तर पहिला प्रश्न येणार की हे किती टक्के?

भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही फार सीरियस होताय. मी काय एफबीआयवर बोलतोय का? मी आईवर बोलतो.”

हा मुद्दा मात्र नीट विचार केल्यावर मला पटला. स्टँडअपमध्ये एवढ्या आया का असतात? तरुण पोरांना राजकारण कळत नाही असं थोडंच आहे? पण १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये मुनव्वर फारुकी या विनोदवीराला कार्यक्रमातून उचललं. जे विनोद त्याने त्या रात्री केलेच नव्हते असं तो आणि तिथले लोक सांगत होते, त्यांच्यापायी तो महिन्याहून अधिक काळ तुरुंगात होता. २०२५ च्या मार्चमध्ये कुणाल कामराने राजकारण्यांवर गाणं म्हटलं तर मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ या कॉमेडी क्लबची मोडतोड झाली, आणि ती जागा काही कामराची नव्हती. अशा वेळी पाच मिनिटं कोणावर बोलायचं? सरकार नको, धर्म नको, जात नको, महापुरुष नकोत, कंपनी नको. उरते आई. ती एफआयआर करत नाही. तिचा पक्ष नाही, तिचे कार्यकर्ते नाहीत, आणि कार्यक्रम संपल्यावर ती वरण-भात वाढते.

निदान भाच्याचा तसा समज होता. त्याचं एक रील फिरत फिरत ताईच्या निवृत्त शिक्षिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. लाटण्याचं होतं ते. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. ताईने चष्मा लावून ते बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाली, “माझा आवाज बरा काढतो.” भावजींनी धीर करून विचारलं, लाटण्याचं काय? ती म्हणाली, “मारलं असतं तर असा निघाला नसता. तेवढं श्रेय देतोय तर घेऊ दे.”

पण दुसऱ्या दिवशी तिने त्याला सगळा सेट कागदावर लिहून आणायला सांगितला. आणि लाल पेन काढलं. चाळीस वर्षांच्या सवयीने समास आखला. भाचा, भावजी आणि मी समोर बसलो. निफाड : बरोबरची खूण. वाडा : बरोबर. आईने पैसे वाचवायला एकाच टी-बॅगमध्ये तीन चहा केले : बरोबर, शेजारी ‘आपल्याकडे टी-बॅग येत नाहीत, पण चालेल’. छाटणीच्या जागी लिहिलं, ‘हे आधी बरं होतं’. सगळ्या थापा पटापट पास झाल्या. मग तिचं पेन एका ठिकाणी थांबलं आणि तिने आख्खा परिच्छेद खोडला.

तो विनोद असा : शाळेत असताना आई रिक्षाचे पैसे द्यायची नाही. चालल्याने उंची वाढते म्हणायची. वर्षभर चाललो, उंची काही वाढली नाही, बाबांची एफडी वाढली.

“हे का काढलंस? सगळ्यात मोठा लाफ आहे तो,” भाचा कळवळला.

“हे खरं आहे,” ताई म्हणाली. “खरं घालायचं नाही.”

खरं होतंच. फक्त अर्धं होतं. त्या वर्षी भावजींनी एका मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती आणि मित्र परागंदा झाला होता. पगारातून हप्ते कापले जात. एफडी वाढली नव्हती, मोडली होती. ताईने ते पोराला कळू दिलं नाही, उंचीची थाप मारली. (सर्वस्व लुटलं जात असताना बोललेलं खोटं, शर्मिष्ठेच्या यादीत पाचवं.) पोराला पुढे मोठेपणी कळलं, पण तोपर्यंत विनोद तयार झाला होता आणि विनोदाला अर्धंच पुरत होतं. ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबीने ‘नॅनेट’ या स्टँडअपच्या कार्यक्रमात हीच गाठ सर्वांसमोर सोडून दाखवली होती. बसस्टॉपवरच्या एका माणसाचा किस्सा ती आधी हशा येतो तिथे थांबवते, आणि नंतर सांगते की खरं तर तो माणूस परत आला होता आणि त्याने तिला मारलं होतं. हशा तिथेच थांबवावा लागतो, पुढे गेलं की तो हशा राहत नाही. गॅड्सबीला ते जमलं. कॉलेज रोडच्या कॅफेत पाच मिनिटांच्या सेटमध्ये, खाली कॉफीचं यंत्र घुरघुरत असताना, जामीनकी आणि हप्ते कुठे बसवणार?

मग मला मध्यस्थ नेमण्यात आलं. मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, भावजींनी फक्त ‘माझं नाव कुठे येत नाही ना’ एवढीच चौकशी केली, आणि शेवटी भाच्यानेच तोडगा काढला. विनोद राहील, आई जाईल. तेव्हापासून रिक्षाचे पैसे न देणारे, चालल्याने उंची वाढते म्हणणारे, एफडी फुगवणारे गृहस्थ म्हणजे ‘आमचे मामा’. ताईने लगेच बरोबरची खूण केली. परवा वाचनालयात ते काठीवाले आजोबा भेटले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, “तुम्हीच ते का? चालत आलात वाटतं.” मी आयुष्यभर रिक्षाने फिरलो आहे, मीटरशिवाय, मागतील तेवढे देऊन. पण हे आता नाशिकमध्ये कोणाला सांगून उपयोग नाही. भाच्याने आईशप्पथ घेतलेली आहे.

मागच्या महिन्यात ताईला कार्यक्रम प्रत्यक्ष बघायची लहर आली. पोराला न सांगता आम्ही तिघं जाऊन बसलो. भावजी खांबाआड, मी त्यांच्यामागे, आणि ताई शिक्षिकेच्या सवयीने पहिल्या बाकावर. भाच्याच्या डोळ्यांत दिवा होता, त्याला समोर नुसती एक पांढऱ्या केसांची आकृती दिसत असणार. सेट संपवून तो ‘क्राउड वर्क’कडे वळला. म्हणजे पुढच्या रांगेतल्या माणसाची चौकशी करायची आणि उत्तरातून विनोद काढायचा.

“काकू, कुठून आलात?”

“जळगावहून,” ताई म्हणाली. आवाज जरा खर्जातला काढला होता, पण भाचा जागच्या जागी उभा राहिला. त्याने ओळखलं. माइक हातात, समोर साठ माणसं, आता थांबता येत नव्हतं.

“अरे वा. एवढ्या लांबून? मुलंबाळं?”

“एकच मुलगा.”

“काय करतो?”

“इंजिनीअर आहे. पुण्यात आयटीत असतो. फार हुशार.”

लोक नुसते बघत होते, त्यांना हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. माझा मात्र मागे रुमाल तोंडात गेला होता. भावजी गंभीर होते. कार्यक्रमानंतर जिना उतरताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला हसू कसं नाही आलं? ते म्हणाले, “त्यात हसायचं काय? मी आपल्या सगळ्या पाहुण्यांना तेच सांगितलंय. मुली बघणं चालू आहे ना.”